चंदीगडमध्ये बंगल्याचा एकच मजला विकत का घेता येत नाही?

समजा, एकमेकांशी नातं नसलेल्या तिघांनी मिळून एक बंगला घेतला. खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा लिहिला. तळमजल्यावर एक कुटुंब, पहिल्या मजल्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. जमिनीत कुठेही कुंपण घातलं नाही, प्लॉट होता तेवढाच राहिला. मग त्या प्लॉटचे तुकडे झाले की नाही?

चंदीगडमध्ये हा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

ली कॉर्बुझिएनं आखलेलं हे शहर 5 लाख लोकांसाठी होतं. 2011 च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली होती. सेक्टर 1 ते 30 हा शहराचा पहिला टप्पा. इथे वस्ती विरळ, झाडी भरपूर आणि एका प्लॉटवर एक घर ही मूळ कल्पना. 1960 च्या नियमांतच प्लॉटचे तुकडे पाडायला मनाई होती. 2001 मध्ये एका घराचे वेगवेगळे फ्लॅट करायला परवानगी मिळाली, पण विरोध झाल्यावर 2007 मध्ये ते नियम रद्द झाले. तुकडे करण्यावरची बंदी कायम राहिली.

पण जागेचे भाव असे की अख्खा बंगला घेणं भल्याभल्यांना झेपत नाही, मजला मात्र झेपतो. त्यातून पळवाट निघाली. बिल्डर जुना बंगला घ्यायचा, तीन मजल्यांचा नकाशा मंजूर करून घ्यायचा आणि तिघांना मजला न विकता ‘हिस्सा’ विकायचा. कोणी कुठे राहायचं, ते आपसातल्या करारात. कागदावर सहमालक, प्रत्यक्षात तीन स्वतंत्र फ्लॅट!

याविरुद्ध तिथली रहिवासी संघटना हायकोर्टात गेली. गाड्या, पाणी, सांडपाणी सगळ्यांवर ताण येतो, असं तिचं म्हणणं. पंजाब आणि हरियाणा हायकोर्टानं 2021 मध्ये ते मान्य केलं नाही. हिस्सा विकणं म्हणजे तुकडा पाडणं नव्हे, असं कोर्टानं सांगितलं. कायद्याच्या भाषेत हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. संयुक्त मालमत्तेतला आपला हिस्सा विकायचा हक्क सहमालकाला असतोच.

10 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. खंडपीठात न्या. भूषण गवई (मूळचे अमरावतीचे) आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना होते. जे थेट करता येत नाही, ते आडमार्गानं करू देता येणार नाही, हा निकालाचा गाभा. महाराष्ट्रात तुकडा म्हटलं की गुंठा आठवतो. इथे तुकडे आडवे पाडले होते, मजल्यामजल्यानं.

कोर्टानं प्रशासनाला बजावलं की एका घराचे तिघा परक्यांसाठी तीन फ्लॅट करण्याचा डाव दिसतो, असे नकाशे मंजूर करू नका. मजले वाटून घेणारे सहमालकांचे करार नोंदवता येणार नाहीत, कोर्टातही टिकणार नाहीत. पहिल्या टप्प्यात तीनच मजले आणि एफएसआय आहे तेवढाच. या भागात वस्ती वाढवायची की नाही, याचा विचार वारसा संवर्धन समितीनं करायचा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रशासनानं कुटुंबाबाहेरच्या माणसाला हिस्सा विकण्यावर बंदी आणली. आणि वेगळीच माणसं अडकली. वडिलांचं घर तीन भावंडांच्या नावावर आहे, त्यातल्या एकाला पैशांची गरज आहे. बिल्डरशी त्याचा काही संबंध नाही. पण आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: आपला हिस्सा घरातल्याच कोणाला द्यायचा, ते देतील त्या भावात, नाहीतर सगळ्यांना राजी करून अख्खं घर विकायचं.