अंटार्क्टिकातला 'पिरॅमिड' नेमका काय आहे? आणि तिथल्या डोंगरांना नावं कोण देतं?

२०१६ साली एक फोटो सोशल मीडियावर जाम फिरला. चहूकडे बर्फ आणि मधोमध टोकदार, चौकोनी शिखर. कॅप्शन ठरलेलं: "अंटार्क्टिकात पिरॅमिड सापडला!" कुणी तो एलियन्सनी बांधला म्हटलं, कुणी हरवलेल्या संस्कृतीने.

मग तो आहे काय?

एल्सवर्थ पर्वतरांगेतला सुमारे १,२६५ मीटर उंचीचा नैसर्गिक डोंगर. खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, गोठलं की फुगतं आणि भेग रुंद करतं. हे चक्र युगानुयुगं चाललं आणि सगळ्या बाजू सारख्याच झिजल्या, तर पिरॅमिडसारखा आकार तयार होतो.

गंमत म्हणजे, या शिखराला अधिकृत नावच नव्हतं. त्यामुळे 'पिरॅमिड' हीच त्याची ओळख बनली.

नावं कोण देतं?

अंटार्क्टिकावर कुणा एका देशाची मालकी नाही. १९५९ च्या करारानुसार तिथले जमिनीवरचे दावे गोठवलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक देशाची समिती आपापली नावं देते. ती सगळी एका आंतरराष्ट्रीय सूचीत एकत्र केली जातात, पण कुणाचंच नाव खोडलं जात नाही.

म्हणूनच एका जागेला अनेक नावं असतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाला ब्रिटन 'ग्रॅहम लँड' म्हणायचं, अमेरिका 'पामर पेनिन्सुला'. १९६४ मध्ये दोघांनी तडजोड केली. अर्जेंटिना आणि चिलीची नावं मात्र आजही वेगळीच आहेत. नाव दिल्याने जमीन मिळत नाही, तरी कुणी आपलं नाव सोडायला तयार नाही.

नावात काय असतं?

बऱ्याचदा त्या जागेचं वर्णनच. 'नुनाटक' म्हणजे बर्फातून डोकं वर काढणारा खडक. हा शब्द ग्रीनलँडच्या इनुइट लोकांचा.

काही नावं माणसांचीही असतात. तिथल्या ९९० मीटर उंचीच्या 'माउंट सिन्हा'ला भारतीय वंशाचे जीवशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा यांचं नाव आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकी मोहिमेत त्यांनी सील, व्हेल आणि पक्ष्यांच्या संख्येचा अभ्यास केला होता.

एकसारख्या पांढऱ्या प्रदेशात विमान उतरवायचं किंवा अडकलेल्यांना शोधायचं, तर जागा नेमकी सांगता यावी लागते. म्हणून ही नावं आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश महत्त्वाचे. 'पिरॅमिड'चा फोटो पुन्हा फॉरवर्ड होऊन आला, तर आधी तेच विचारा.