मावशीची 'ए बाई' झाली तेव्हा

वर्धा जिल्ह्यातील एका सूतगिरणीत आमच्या ओळखीची एक बाई सकाळच्या पाळीला जाते. तिच्याच वस्तीतला, तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला मुलगा डिप्लोमा करून तेथे सुपरवायझर झाला. वस्तीत पेढे वाटले गेले, विहारात सत्कार झाला. वस्तीत तो तिला 'मावशी' म्हणतो. खात्यात मात्र पहिल्याच महिन्यात 'ए बाई' म्हणू लागला.

एक दिवस तिला वीस मिनिटे उशीर झाला. "साहेब, नातवाले ताप होता," ती म्हणाली. साहेबांनी चारचौघींदेखत तिला झापले आणि अर्धा दिवस कापला. पुढच्या आठवड्यात तिच्या रिंगफ्रेमच्या टोकाकडून वेगळाच आवाज येऊ लागला, जळका वासही आला. बारा वर्षे त्या यंत्रापुढे उभी राहिलेली बाई ती. बेअरिंग जाणार हे तिला कळले. पण ती बोलली नाही. सांगायला जायचे आणि पुन्हा बोलणी खायची, त्यापेक्षा आपले तुटलेले धागे जोडत राहिलेले बरे! दुपारी बेअरिंग जळाले, यंत्र बंद पडले, आणि वरून मेमो आला तो सुपरवायझरला.

संध्याकाळी तो तिच्या दारात उभा. "मावशी, तू सांगितलं काऊन नाही?"

"बापा, तू आयकलं असतं का?"

ही हकीकत आम्हाला दोघांकडूनही कळली आणि दोघांनीही ती सारखीच सांगितली, म्हणून येथे देत आहोत.

स्वतःच्या मनात काय उसळते आहे ते ओळखणे, ते आवरणे आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते जाणणे, याला अलीकडे 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना शास्त्रीय निबंधात मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. आता मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब लोक त्याचे वर्ग भरवितात. आमच्या मावशीने एका वाक्यात जे सांगितले, तेच तेथे पैसे घेऊन शिकवितात.

नवल याचे की अधिकाऱ्यांसाठी असा धडा या देशात सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच दगडावर कोरला गेला होता. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने ओरिसातील धौली आणि जौगड येथे तेथल्या न्यायाधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र लेख कोरविले. काही माणसांना विनाकारण कैद आणि छळ सोसावा लागतो, हे त्यात राजाने उघड कबूल केले आहे. असे का होते? अधिकाऱ्यातील मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, उतावळेपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा यांमुळे, असे तो सांगतो. थकवासुद्धा! दिवसभर काम करून वैतागलेला अधिकारी शेवटच्या गरिबाला वाईट वागवितो, हे त्या राजाच्या नजरेतून सुटले नव्हते. तहसीलच्या खिडकीपुढे दुपारी चार वाजता उभ्या राहिलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या एका लेखात अशोक म्हणतो की, मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, बागेत असेन, तरी प्रजेची खबर माझ्यापर्यंत आलीच पाहिजे. ज्याच्यापर्यंत वाईट खबर पोहोचत नाही तो साहेब आंधळा. सूतगिरणीत त्या दुपारी तेच झाले.

आणि बाबासाहेब? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक देवळात शिरणार अशी अफवा उठवून परिषदेला आलेल्यांवर लाठ्या चालविण्यात आल्या. जेवायला बसलेल्यांनाही सोडले नाही. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी होते. फक्त हुकूम हवा होता. तो बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांना राग आला नव्हता काय? पण तो राग त्यांनी कोर्टाच्या वाटेने नेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाकडून तळ्याचा हक्क मिळविला. दहा वर्षे राग न विझवता, न भडकू देता बाळगणे साधे काम नव्हे.

पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी दिल्लीत एका बैठकीत बसविले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळशाच्या खाणीत ते स्वतः खाली उतरले आणि मजुरांची घरे पाहिली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले.

हा शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम सांगतो. नुसते गोड बोलणारा साहेब आम्हाला नको. 'ताई, कशा आहात?' विचारायचे आणि ओव्हरटाईम बुडवायचा, ही भावनिक बुद्धिमत्ता नव्हे, ती लबाडी. मन जाणणाऱ्याने मस्टरही नीट भरावे.

त्या मुलाला आम्ही विचारले, मावशीला 'ए बाई' का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वरचे लोक टपून असतात. आपल्या माणसांना सांभाळून घेतो, असा ठपका येऊ नये म्हणून आपल्याच माणसांवर जास्त आवाज चढतो. हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, पण खोटे वाटले नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या वस्त्यांतून आज किती मुले-मुली खुर्चीवर पोहोचली आहेत! कुणी बँकेत, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी रेल्वेत. त्यांची निवड झाली तरी त्यांच्या लायकीवर शंका घेणारे आसपास असतातच. ती शंका त्यांच्या जिभेवर बसते आणि झाडूवालीवर, शिपायावर निघते. शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला, ही वेदना बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलून दाखविली होती. तेव्हापासून आपण शिकलेल्यांना नावे ठेवीत आलो. त्यांना खुर्चीवर कोणती भीती वाटते, हे मात्र घरात कुणी विचारले नाही. मुलाचा पगार आपण विचारतो. आज कुणावर ओरडलास, हे कोणती आई विचारते?

त्या मुलाची आई विचारू लागली आहे, असे ऐकतो. तो आता पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटे खात्यातून फिरतो. सगळे सुधारले असे नाही. महिनाअखेर उत्पादन कमी पडले की आवाज अजून चढतो. कापलेला अर्धा दिवस मात्र त्याने वर लिहून परत मिळवून दिला.

गेल्या पौर्णिमेला विहारात खिरीची वाटी त्याच्या हाती देत मावशीने विचारले, "काय रे साहेब, नवं बेअरिंग कसं चालते?"

"मले काय विचारते, मावशी," तो म्हणाला, "आवाज तर तुलेच पहिले ऐकू येते."