शंभरीला एक वर्ष कमी

बारावीतली माझी नात परवा वही घेऊन आमच्या वाड्याच्या ओटीवर आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, सेकंटचं इंटिग्रल काढायला सेकंट अधिक टॅनजंटनं वर-खाली गुणा, असं पुस्तक सांगतं. पण हे सुचायचं कसं? मला गणित सोडूनच द्यावंसं वाटतं."

मला चर्र झाले. मी भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बोट दाखविले. ही मर्केटरची १५६९ सालची रीत. अक्षवृत्ते ध्रुवाकडे लहान होत जातात. नकाशात मात्र सारी विषुववृत्ताएवढीच! साठ अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले जाते. खलाशाची दिशा चुकू नये म्हणून उत्तर-दक्षिणही तितकेच ताणावे लागते. हा ताण म्हणजेच सेकंट. एखाद्या अक्षवृत्ताची नकाशातील उंची हवी, तर तिथपर्यंतच्या साऱ्या सेकंटांची बेरीज करायची. तेच तिचे इंटिग्रल.

इंग्लंडच्या एडवर्ड राइटने एकेका कलेच्या अंतराने बेरजा करून १५९९ साली कोष्टक छापले. १६४५ च्या सुमारास नौकानयन शिकविणाऱ्या हेन्री बाँडच्या ध्यानात आले की, ते आकडे टॅनजंटच्या लॉगरिदमशी जुळतात. का जुळतात, हे त्याला सांगता येईना. सिद्धता १६६८ साली जेम्स ग्रेगरीने दिली, पण ती फार किचकट. १६७० साली आयझॅक बॅरोने सोपी वाट दाखविली.

ती वाट मी नातीला आजच्या भाषेत सांगितली. वर-खाली कोसाइनने गुण. छेदात कोसाइनचा वर्ग, म्हणजे एक वजा साइनचा वर्ग. आता साइनला 'क्ष' म्हण. वरचा कोसाइन क्षच्या बदलात जिरून जातो. छेदात एक वजा क्षवर्ग उरतो. त्याचे दोन अपूर्णांक कर, की लॉगरिदम हाती आला!

तिने साठ अंश घालून पाहिले. १·३१७. पुस्तकातील सूत्रानेही तेच.

"पुस्तकातली युक्ती उत्तर ठाऊक असलेल्याला सुचते, बाळ," मी म्हणालो. "मर्केटरपासून ग्रेगरीपर्यंत शंभरीला एक वर्ष कमी गेलं. तुला एका संध्याकाळी सुचलं नाही, यात लाज कसली?"

ती काही बोलली नाही. वहीचे पान उलटून तिने पुढचे उदाहरण घेतले.