अनेकवचनाचे आरंभीचे पाठ

इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी घरातले पाच-सहा वर्षांचे मूल ‘आमच्या गल्लीत दोन नवे घर झाले’ असे म्हणाले, म्हणजे वडीलधारी माणसे हसतात, आणि शिक्षक ते वाक्य खोडून ‘दोन नवी घरे झाली’ असे लिहून देतात. दुरुस्ती योग्यच असते. परंतु मूल चुकले कोठे, ह्याचा उलगडा तिने होत नाही. हिंदीत ‘घर’ हा शब्द पुल्लिंगी असून प्रत्यय नसता त्याचे अनेकवचनही ‘घर’ असेच राहते. मुलाने नियम मोडलेला नाही. शेजारच्या भाषेचा नियम त्याने घरच्या भाषेला लावला आहे.

हीच गोष्ट इतर केंद्रांतही निराळ्या रूपाने आढळते. गुजरातीत नपुंसकलिंग आहे. तथापि संख्या सांगितली असता अनेकवचनाचा ‘ओ’ पुष्कळदा गाळतात. कानडीतही मनुष्येतर वस्तूंच्या नावांना संख्येनंतर ‘गळु’ लावलाच पाहिजे असे नाही. कोकणीत ‘घर’चे ‘घरां’ आणि ‘वाट’चे ‘वाटो’ होते. म्हणून बडोदे, बेळगाव वा गोवे येथील शिक्षकाने प्रथम हे ओळखावयास हवे की, मुलाच्या कानावर कोणत्या भाषेचे अनेकवचन अधिक पडते.

मराठीत अनेकवचन दोन गोष्टींवर अवलंबून असते : नामाचे लिंग आणि त्याचा अंत्य स्वर. ‘हा माळ’ म्हटले तर अनेकवचन ‘हे माळ’. ‘ही माळ’ म्हटले तर ‘ह्या माळा’. आणि ‘हा माळा’ म्हटले तर ‘हे माळे’. लिंग ठाऊक नसता वचन साधत नाही. हिंदीच्या सहवासात नपुंसकलिंगाची जाणीव प्रथम मंदावते, आणि अनेकवचनातील चूक हे त्याचेच लक्षण होय. सबब वचनाचा पाठ हा वस्तुतः लिंगाचा पाठ समजून सुरू करावा. नवा शब्द एकटा न देता ‘हा आंबा’, ‘ही वाटी’, ‘हे पान’ असा जोडीने द्यावा.

येथे एक अडचण आहे. ‘हे’ हे रूप नपुंसकलिंगी एकवचनाचे आहे, तसेच पुल्लिंगी अनेकवचनाचेही आहे; ‘ही’ स्त्रीलिंगी एकवचनाची, तशीच नपुंसकलिंगी अनेकवचनाची. ‘ही केळी’ म्हणजे एक झाड की अनेक फळे, हे पुढील क्रियापदावाचून कळत नाही. म्हणून वाक्य नेहमी पुरे बोलवून घ्यावे : ‘ही केळी उंच वाढली’, ‘ही केळी पिकली आहेत’. ज्या नामांचे रूप पालटत नाही, त्यांतही वचन क्रियापदच सांगते : ‘खडू पडला’, ‘खडू पडले’.

पहिल्या पाठाला साधने लागत नाहीत. मुलाचे शरीर पुरेसे आहे. एक डोळा, दोन डोळे. एक गुडघा, दोन गुडघे. एक मांडी, दोन मांड्या. एक पापणी, चार पापण्या. एक बोट, पाच बोटे. एक नख, दहा नखे. एक कान, दोन कान; एक हात, दोन हात. पुल्लिंगी आकारान्त, स्त्रीलिंगी ईकारान्त, नपुंसकलिंगी अकारान्त आणि न पालटणारी पुल्लिंगी अकारान्त अशी चारही वळणे येथे सहज येतात. एकारान्त नपुंसकलिंगी नामांसाठी भांडे-भांडी, खेळणे-खेळणी अशा जोड्या घ्याव्यात.

स्त्रीलिंगी अकारान्त नामे मात्र मागाहून शिकवावीत. जीभ-जिभा, मान-माना, वीट-विटा ह्यांत ‘आ’ येतो. मूठ-मुठी, भिंत-भिंती, विहीर-विहिरी ह्यांत ‘ई’. कोणत्या शब्दाला काय, हे सांगणारा सोपा नियम मुलाला देता येत नाही; प्रत्येक शब्द त्याच्या अनेकवचनासह कानावरून जावा लागतो. शाळा, भाषा, वस्तू, बाजू, काका, मामा ही न पालटणारी नामे त्यानंतर घ्यावीत. मूल ‘काके’ म्हणाले तर त्याला रागावू नये. ‘घोडा-घोडे’चा नियम त्याच्या मनात रुजल्याचाच तो पुरावा आहे.

अमेरिकेतील जीन बर्को ह्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखविले, त्याला ‘वग’ असे निरर्थक नाव दिले, आणि दोन असल्यास काय म्हणाल असे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केले. आपल्या शिक्षकांना ही युक्ती सहज करता येईल. फळ्यावर एक चित्र काढून ‘हा टिमा’ म्हणावे, मग दुसरे काढून ‘हे दोन...’ म्हणून थांबावे; पुढे ‘ही टिमी’ घ्यावी. मुलाने ‘टिमे’, ‘टिम्या’ असे उत्तर दिले तर ते पाठांतर नव्हे, नियम होय.

लेखनाकडे वळताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूल बोलताना ‘घरं, फुलं, फळं’ म्हणते, पुस्तकात मात्र ‘घरे, फुले, फळे’ असते. १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांनी अशा रूपांवरील जुना अनुस्वार गेला; त्यामुळे ‘फळा’ आणि ‘फळ’ ह्या दोहोंचे अनेकवचन लिहिताना ‘फळे’ असे एकच दिसते. मुलाचा उच्चार अशुद्ध न ठरविता ‘बोलताना असे, लिहिताना असे’ एवढेच सांगावे. दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. ‘घराची दारे’ म्हणजे एका घराची, ‘घरांची दारे’ म्हणजे अनेक घरांची. येथे सारे वचन एका अनुस्वारावर उभे आहे. तो गळला तर अर्थ पालटतो, हे वाचनातच दाखवून द्यावे.

महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला मराठीवाचून अडत नाही. हसे होऊ लागले की ते हिंदीत वा गुजरातीत बोलू लागते. ‘दोन घर’ म्हणणारे मूल अद्याप मराठीत बोलत आहे, हे ध्यानी ठेवून शिक्षकाने सहज पुढचा प्रश्न करावा : ‘दोन घरे का? ती कोणत्या रंगाची आहेत?’ योग्य रूप मुलाच्या कानी पडते, आणि बोलणे थांबत नाही.