वादळांची शिडी आणि ओझोनचे छत्र

समुद्रावरील वादळाचा हिशेब किनाऱ्यावर मांडण्याची रीत आहे. किती पाऊस पडला, किती होड्या बुडाल्या, एवढी नोंद झाली की लोक ते विसरतात. आणि जे वादळ भर समुद्रात उठून तेथेच विरते, त्याची तर तेवढीही नोंद होत नाही. अशा बेदखल वादळांनी वातावरणाच्या वरच्या थरांत काय नेऊन ठेवले आहे, हे आता ध्यानात येऊ लागले असून त्यामुळे ओझोनरक्षणाच्या जागतिक करारातील एक उणीव उघडी पडली आहे.

इंडोनेशियापासून ग्वाम बेटापर्यंतच्या पश्चिम पॅसिफिकमध्ये समुद्रपृष्ठाचे तापमान बहुधा २८ अंश सेल्सिअसच्या वर असते. तेथील दमट हवा वर चढते, बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते. अभिसरणाची ही क्रिया शालेय पुस्तकातही सापडेल. नवल आहे ते तिच्या वेगाचे. एरव्ही ज्या उंचीला पोहोचण्यास आठवडे लागावेत, त्या बारा-तेरा किलोमीटर उंचीवर गडगडाटी ढगाच्या पोटातून हवा तासा-दोन तासांत जाते.

या हवेबरोबर ब्रोमोफॉर्म हा वायू वर जातो. सागरी शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती तो निर्माण करतात. त्याचे आयुष्य अवघे तीन-चार आठवड्यांचे. त्यामुळे स्थितांबराच्या विचारात त्याला पूर्वी फारसे स्थान नव्हते. २०१४ च्या प्रारंभी अमेरिकन व ब्रिटिश संशोधकांनी ग्वामहून तीन विमाने उडवून निरनिराळ्या उंचींवर मापे घेतली. ढगांच्या माथ्याजवळ ब्रोमोफॉर्म तर सापडलाच, शिवाय तेथील हवेत ओझोन एक अब्ज रेणूंमागे वीसच्या आसपास, म्हणजे समुद्रालगतच्या हवेइतकाच अल्प आढळला. ही हवा मूळची तेथली नव्हे, नुकतीच खालून आलेली आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? ब्रोमोफॉर्म पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून पाऊसही त्याला धुऊन काढू शकत नाही. पुढे संथपणे चढत त्यातील ब्रोमीन सतरा किलोमीटरवरील स्थितांबरात शिरते. अल्पायुषी वायूंपासून तेथे पोहोचणारे ब्रोमीन एक लाख कोटी रेणूंमागे पाचच्या घरात असते. आकडा क्षुद्र वाटेल; परंतु तेथील एकूण ब्रोमीनच वीसच्या आसपास आहे, आणि ओझोन नष्ट करण्यात त्याचा एक अणू क्लोरीनच्या सुमारे साठ अणूंना भारी पडतो.

शेवाळाविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. ते मानवाच्या आधीपासून आहे. प्रश्न आहे तो त्याच शिडीने चढणाऱ्या कारखानी वायूंचा. रंग खरवडण्यासाठी व फोम बनविण्यासाठी वापरले जाणारे डायक्लोरोमिथेन सुमारे सहा महिने टिकते. अल्पायुषी वायू वाटेतच नष्ट होतील, या समजुतीने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात अशांना स्थान मिळाले नाही. २००० नंतर हवेतील त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, आणि २०२२ च्या पावसाळ्यात दक्षिण कोरियातून झालेल्या विमान-मोहिमेत मोसमी ढगांनी पूर्व आशियातील असे क्लोरीनयुक्त वायू थेट स्थितांबराच्या तळाशी पोहोचविल्याचे दिसले.

तेव्हा वायूचे आयुष्य हा एकटाच निकष अपुरा ठरतो. तो कोठे आणि कोणत्या ऋतूत सोडला, हेही पाहावे लागेल. नवे निर्बंध आशियातील उद्योगांवर प्रथम येतील आणि ते कुरकुरतील, हे उघड आहे. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर २०६६ च्या सुमारास परत येईल, असा अंदाज आहे. हे वायू असेच वाढत राहिले तर ती मुदत आणखी काही वर्षे लांबू शकते.