पाय घसरला?

येरवडा म्हटले की आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आठवतो. याच येरवड्यात, शास्त्रीनगरमध्ये, ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री बांधकामावरचा सळयांचा सांगाडा कोसळला आणि बिहारमधून आलेले पाच मजूर ठार झाले. ती तारीख आपल्यापैकी किती जणांना आठवते?

माणूस उंचावरून पडो की लोखंड माणसावर पडो, कागदावर शब्द एकच उमटतो : अपघात. माझे वडील विजेचे खांब उभे करणाऱ्या टोळीत होते. ते पडले तेव्हा मुकादम म्हणाला, 'पाय घसरला.' घरानेही ते नशीब म्हणून सोसले. पुढे शिकल्यावर कळले, की पाय कोणाचाही घसरतो. घसरल्यावर धरायला काय होते, हा खरा प्रश्न आहे.

पाच मीटरवरून सुटलेला माणूस एका सेकंदात जमिनीवर आदळतो, ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने. तेवढ्यात हाताला काही सापडत नाही. म्हणून आधार अगोदरच हवा : कठडा, पक्की परांची आणि खांदे-मांड्यांना धरणारा पट्टा. नुसता कमरेचा पट्टा सारा हिसका पोटावर व कण्यावर आणतो. आणि दोरी अडकवायला भक्कम जागाच नसेल, तर पट्टा केवळ तपासणीपुरता!

ही सोय कोणी करायची? मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे, तो मुकादमाकडे. पण १९२३ च्या भरपाई कायद्यानेच ही पळवाट अडवली होती. काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येई. २१ नोव्हेंबर २०२५ ला अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. दाव्याची मुदत दोन वर्षे. अडते ते पुराव्यावर, कारण हजेरीपटावर मजुराचे नावच नसते.

येथेच आपल्या अक्षरांचा उपयोग आहे. वस्तीतल्या मजुराच्या वहीत रोज तारीख, कामाची जागा, ठेकेदार व मजुरी लिहून द्या. वर्षात नव्वद दिवस बांधकाम केलेल्याची कल्याणकारी मंडळात नोंद करून द्या. आणि पुन्हा कोणी 'पाय घसरला' म्हणाले, तर विचारा : दोरी कोठे बांधली होती? मालक कोण?