दोन दशांश आणि चौपट उत्तर

प्रोटॉनचं वस्तुमान किलोत लिहिलं तर शून्यं मोजतच बसाल. म्हणून 'यू' वापरतात, म्हणजे कार्बन-१२ अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. १ यू म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात ९३१.४९४ एमईव्ही. गुणलं की झालं! कॉलेजात मलाही तसंच वाटलेलं.

प्रोटॉन १.००७२७६ यू, न्यूट्रॉन १.००८६६५. दोघं चिकटून बनणारा ड्यूटेरॉन मात्र २.०१३५५३, बेरजेपेक्षा हलका! कमी पडलेले ०.००२३८८ यू म्हणजेच बंधनऊर्जा: २.२२ एमईव्ही.

माझ्या प्रोग्रामने दाखवलं ९.३. का? तर स्क्रीन नीटनेटकी दिसावी म्हणून मी शहाण्याने सगळे आकडे आधीच दोन दशांशांवर आणलेले. १.०१ अधिक १.०१ वजा २.०१. फरक ०.०१, उत्तर थेट चौपट! आता राउंडिंगची ओळ वजाबाकीनंतर, प्रिंटच्या अगदी आधी ठेवतो.